एका बाजूला तीस मिनिटं

सगळ्यात आधी निघालं ते अर्धं बिस्किट. मग एक निळा खडू, मग बाहुलीचा एक बूट आणि शेवटी, चिमट्याच्या टोकाला लटकत, माझं हरवलेलं कानातलं.

रेडिओवाल्याने हे सगळं काउंटरवर एका ओळीत मांडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हा टेपरेकॉर्डर आहे की फडताळ?"

"माझ्या मुलीला वाटतं त्याला भूक लागते," मी म्हणाले. "बटण दाबलं की तोंड उघडतं ना... म्हणून."

"खायला चांगलं घालते पण. कानातलं म्हणजे मेजवानीच."

मुलगी माझ्याशेजारी चवड्यांवर उभी होती, हनुवटी काउंटरवर टेकवून. साडेचार वर्षांची. घरात तिला सगळे टिटवी म्हणतात. का, ते विचारायची वेळ कोणावर येत नाही, पाच मिनिटं तिच्याजवळ थांबलं की पुरतं.

"काका, तो बरा होईल? त्याला सुई टोचणार? दुखेल? तुझ्या नाकावर काळं आहे."

त्याने मनगटाने नाक पुसलं. काळं गालापर्यंत गेलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले, पण ओठ ऐकेनात... आणि वर पाहिलं तर तो माझ्याचकडे बघत होता.

"हसा," तो म्हणाला. "हसण्याचे वेगळे पैसे नाहीत."

मी त्या दुकानात गेले ती एका पंख्यामुळे. टिटवीच्या बालवाडीत पालकांची सभा होती. मोठ्या बाईंनी स्नेहसंमेलनाचा विषय सांगितला — 'आई-बाबांचं लहानपण'. आमची गाणी, आमचे कपडे, आमच्या वेळच्या सगळ्या गमती, आणि नाचणार आमची मुलं. सांगायचा अवकाश, सभा हातातून गेली. मुलांच्या इवल्याशा खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून बसलेली ती मोठी माणसं एकदम एकमेकांच्या वर बोलायला लागली. एका बाबांना गच्चीवरचा अँटेना आठवला, तो ते स्वतः फिरवायचे आणि खालून भाऊ ओरडायचा, "आलं आलं... गेलं." कोणाला च्युइंगमच्या वेष्टनातले स्टिकर आठवले, जे कपाटाच्या दारावर चिकटवल्याबद्दल मार बसला होता. एका आईकडे गाण्यांची वही होती. एकेक ओळ ऐकायची, थांबवायचं, लिहायचं, पुन्हा मागे न्यायचं... एक गाणं उतरवायला तीन दिवस. तशी वही माझ्याकडेही होती. पण मी बोलले नाही, कारण माझं लक्ष वर होतं. आमच्या डोक्यावरचा पंखा नको इतका हलत होता. ते बाईंना दाखवायला मी हात वर केला.

"वा," बाई म्हणाल्या, "गाण्यांची जबाबदारी टिटवीच्या आईने घेतली."

आणि वर अट अशी की स्टेजवर खरा टेपरेकॉर्डर हवा. मुलांनीच बटण दाबायचं. मोबाईलवरून वाजवलं की सगळी मजाच गेली.

म्हणून ताईच्या माळ्यावरून माझा जुना टेपरेकॉर्डर खाली आला आणि आठवडाभर टिटवीच्या हातचं खाऊन आजारी पडला.

रेडिओवाल्याने त्याचा पट्टा बदलला. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आतली धातूची टिकली पुसली, ज्यावरून फीत फिरते ती. स्पिरिटचा तो थंड, झोंबरा वास आला आणि मी एकदम अकरावीत जाऊन परत आले.

"गाणी कुठली हवीत?" त्याने विचारलं. "यादी आणा. माझे वडील याच काउंटरवर लोकांच्या याद्या भरून द्यायचे. अजून सगळ्या कॅसेटी आहेत माझ्याकडे. कोरीही एखादी निघेल."

"किती वेळ लागतो?"

"एका बाजूला तीस मिनिटं बसतात. भरायलाही तीसच लागतात." तो हसला. "गाणं जेवढं, तेवढाच वेळ. याच्यात घाई करता येत नाही, ही एकच अडचण आहे."

मी दुसऱ्या दिवशी यादी घेऊन गेले. एका बाजूला छोट्या गटाची सहा गाणी, दुसऱ्या बाजूला मोठ्या गटाची सहा. त्याने मला स्टूल दिलं, टिटवीला कॅसेटींच्या रिकाम्या डब्यांचा ढीग दिला आणि दोन यंत्रं समोरासमोर लावली. पहिलं गाणं सुरू झालं, ते, ज्यावर आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली केसांना नागमोडी पट्टा लावून नाचायच्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्याने ओठांवर बोट ठेवलं.

गाणं संपलं. फीत नुसती फिरत राहिली.

"आवाज आत जातो का?" मी घाईने विचारलं.

"नाही, वायरमधून भरतंय."

"मग गप्प का बसायचं?"

"वडिलांचा नियम. गाणं भरताना बोलायचं नाही. यंत्राला ऐकू येत नाही, पण—"

दुसरं गाणं सुरू झालं. पण काय, ते ऐकायला मला साडेचार मिनिटं थांबावं लागलं.

"—आपल्याला येतं ना," पुढच्या फटीत तो म्हणाला.

दोन गाण्यांमध्ये पाच सेकंद. जे काय बोलायचं ते त्या पाच सेकंदांत. बाकी वेळ गाणं ऐकायचं, आणि बघायचं. मी त्याची बोटं पाहिली, लांब आणि नखांच्या कडेला काळी, ताल धरतानाही जपून धरणारी. शर्टाच्या खिशात पेन नव्हतं, पेन्सिल होती. त्याने माझं काय पाहिलं ते मला माहीत नाही, पण तिसऱ्या गाण्याच्या शेवटी तो म्हणाला, "तुम्ही कडवं सुरू व्हायच्या आधी श्वास घेता." आणि चौथं गाणं सुरू झालं, आणि मला पूर्ण चार मिनिटं श्वास कसा घ्यायचा ते आठवेना.

घरी येऊन मी यादी पुन्हा वाचली. नीट विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या गाण्यानंतर लगेच तिसरं आलं तर मुलांना धाप लागेल. क्रम बदलायला हवा होता.

क्रम बदलायचा म्हणजे सगळी बाजू पुन्हा भरायची. म्हणजे तीस मिनिटं.

"काही हरकत नाही," तो म्हणाला.

पुढच्या वेळी मला वाटलं, शेवटचं गाणं फार हळू आहे. त्याच्या पुढच्या वेळी वाटलं, नाही, हळूच बरं होतं. तो प्रत्येक वेळी जुनं पुसायचा आणि नवं भरायचा, आणि कॅसेट मला दाखवून म्हणायचा, "हिच्या पाठीवर या दोन खुंट्या आहेत. त्या तोडल्या की हिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. तुमचं नक्की झालं की सांगा, तोडून टाकतो."

"अजून नक्की नाही," मी म्हणायचे.

"बरं," तो म्हणायचा. कधीच, एकदाही, कंटाळून नाही.

पाच-पाच सेकंद जोडून मला त्याच्याबद्दल बरंच कळलं. आई तीन वर्षांपूर्वी गेली, आता वरच्या खोलीत एकटाच असतो. लग्न जमता जमता एकदा मोडलं, मुलीला रेडिओ दुरुस्त करणारा नको होता. "तिचंही बरोबर होतं," तो म्हणाला, "रेडिओ तेव्हा कोणालाच नको होते." आणि मी त्याला काय सांगितलं? वहीबद्दल. वर्गातल्या मुलाने भेट दिलेल्या कॅसेटबद्दल, जिच्या दोन्ही बाजूंना एकच गाणं होतं. आणि एका फटीत, कसं कोण जाणे, टिटवीच्या बाबांबद्दल.

ताईला फोनवर सगळं कळलं होतं. न सांगता.

"कितव्यांदा क्रम बदललास?"

"पाचव्यांदा. अगं, मुलं गोंधळतील म्हणून—"

"बालवाडीची गाणी आहेत की मंत्रिमंडळ बनवतेयस? मुलं काही गोंधळलेली नाहीत. माणूस कसा आहे?"

"कुठला माणूस?"

"बरं, नसेल माणूस. दुकानात भूत असेल. भूत कसं आहे?"

मी हसले, आणि मग दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवायला निघाले. ताईलाही कळलं की ही का पळतेय.

टिटवीचे बाबा दोन वर्षांपूर्वी परदेशी नोकरीला गेले आणि मग हळूहळू आमच्यातूनही गेले. कागदांवर सह्या झाल्या. माझं मी सावरलं, पण टिटवी कितीतरी महिने बेल वाजली की दाराकडे धावायची. दारात शेजारी असायचे, नाहीतर वीजबिलवाला. तिचा तो उतरलेला चेहरा मी रोज पाहिला आहे. तेव्हाच ठरवलं होतं — आता या घरात येईल तो राहायला येईल, नाहीतर कोणीच नको. आणि राहणारा कोण, हे कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून रेडिओवाल्याने एकदा, "कॅसेट घरी आणून देऊ का?" असं विचारलं तेव्हा मी इतक्या पटकन "नको" म्हणाले की त्याने पुन्हा विचारलं नाही.

संमेलनाच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम होती. आमचा टेपरेकॉर्डर काउंटरवर, कॅसेट आत. पहिली पाच गाणी पूर्ण वाजली, आवाज स्वच्छ होता. मी तिथेच थांबवलं, कारण कार्यक्रमपत्रिकेच्या प्रती काढायच्या राहिल्या होत्या. झेरॉक्सवाला समोरच्याच फुटपाथवर.

"दोन मिनिटांत आले. टिटवी, काकांना त्रास देऊ नकोस. तारांना हात लावायचा नाही. त्या स्टुलावर चढायचं नाही. ती पेन्सिल तोंडात—"

"मॅडम," तो म्हणाला, "मी आहे."

प्रती घेऊन वळले आणि पाऊस आला, आडवा, एकाएकी. हातात पन्नास कागद. मी छपराखाली अडकले. रस्त्याच्या पलीकडे, पाणी ओघळणाऱ्या काचेमागे, मला त्या दोघांची डोकी दिसत होती. टिटवी काउंटरवर बसली होती, पाय हलवत, आणि तो पुढे वाकून तिचं ऐकत होता. मोठी माणसं लहानांचं ऐकल्यासारखं करतात, तसं नाही. खरंच ऐकत होता. मध्येच त्याने मान खाली घातली. मग काहीतरी म्हणाला, बराच वेळ म्हणाला. टिटवीने गंभीरपणे मान हलवली. मी काचेकडे बघत राहिले, ओठ वाचता येतात का ते बघत... पाऊस थांबला तेही झेरॉक्सवाल्याने सांगितलं.

"काय बोलत होता एवढं?" मी दुकानात शिरत विचारलं.

"कामाचं," तो म्हणाला. त्याचे कान लाल होते.

"मी गाणं लावलं होतं," टिटवी म्हणाली, "पण ते वाजलंच नाही. म्हणून बंद केलं."

"आवाज बारीक असेल." त्याने कॅसेट पहिल्यापासून लावून बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. "तोडू का आता खुंट्या?"

"थांबा... घरी एकदा शेवटचं ऐकते."

घरी गेल्यावर टिटवीच्या नाचाच्या विजारीची शिलाई उसवलेली सापडली. ऐकायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेचं सभागृह भरलं होतं. रेडिओवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पडद्याच्या कडेला ठेवलेल्या टेपरेकॉर्डरची वायर मोठ्या कर्ण्यांना जोडत होता. छोट्या गटाची पहिली पाच गाणी झाली, टाळ्या झाल्या. मग सहाव्या गाण्याला टिटवीची तुकडी आली, अकरा मुलं, गुडघ्याखाली घंटेसारख्या फुगणाऱ्या विजारी आणि नाकावरून घसरणारे काळे चष्मे. टिटवीनेच बटण दाबलं. सगळ्यांनी कमरेवर हात ठेवले.

कर्ण्यांतून आधी खरखर आली. मग पाऊस. मग टिटवीचा आवाज, सभागृह भरून.

"काका, तू आमच्या घरी का येत नाहीस?"

"कोणी बोलावलं नाही."

"मी बोलावते."

"तू बोलावून चालत नाही. आईने बोलवायला हवं."

"आई घाबरते."

"कशाला?"

"सगळ्याला. कुत्र्याला, लिफ्टला, द्राक्षांना."

"द्राक्षांना?"

"घशात अडकतात. ती चार तुकडे करते."

"बरोबर करते."

मला कळलं. लाल बटण. लाल म्हणूनच दाबलं असणार तिने. टेपरेकॉर्डरला स्वतःचा माईक होता आणि खुंट्या जागच्या जागी होत्या, कारण माझं नक्की होत नव्हतं. मी पडद्याकडे धावले, पण मध्ये खुर्च्यांची अख्खी रांग होती, आणि रांगेत सगळ्या आज्या.

"तू पण घाबरतोस?"

"हो."

"कोणाला?"

"तुझ्या आईला."

सभागृह हसलं. स्टेजवरच्या एका मुलाला वाटलं हेच गाणं, तो नाचायला लागला.

"तुला आई आवडते?"

कर्ण्यांतून फक्त पाऊस ऐकू आला. मी दोन आज्यांच्या मध्ये उभी होते, एक पाय हवेत.

"आवडते," तो म्हणाला.

"मग सांग ना तिला."

"सांगेन. पण घाई नाही करायची... तुमच्या घरी आलो ना टिटवे, की मला परत जायचं नाहीये. असं यायचं असेल तर आधी तिची खात्री व्हायला हवी. किती का दिवस लागेनात."

"आणि माझी?"

"तुझी झाली का?"

"विचार करते. तू द्राक्षाचे किती तुकडे करतोस?"

"...चार."

"बरं."

आणि धाडकन, मधल्या कडव्यापासून, गाणं सुरू झालं. अकरा मुलांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि जिथून जमेल तिथून नाचायला सुरुवात केली. माझ्या शेजारची आजी हिरमुसली. "अहो, गाणं कसलं लावता," ती म्हणाली, "पुढचं ऐकू द्या ना."

मी पडद्यामागे पोचले तेव्हा तो टेपरेकॉर्डरसमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा.

"मी ऐकून बघायला हवं होतं, आणि बंद करायचं तर सुचलंच नाही," तो म्हणाला. "लोकांपुढे तुम्हाला... माझं चुकलं."

"तुम्ही ते लोकांसाठी बोलला नव्हतात."

"तुमच्यासाठीही नव्हतो बोललो. टिटवीने विचारलं, आणि तिला खोटं सांगणं जमेना."

"म्हणजे ते खरं होतं."

त्याने वर पाहिलं. "सगळं."

मोठ्या बाई आत आल्या. "एवढं गाणं उरकू द्या, मग मोठा गट," त्या म्हणाल्या. "कॅसेट उलटी करायची आहे. प्रेम त्याच्यानंतर." आणि गेल्या.

दोन मिनिटं असतील हातात. एवढा सलग वेळ आम्ही कधी बोललोच नव्हतो.

"मी क्रम मुलांसाठी बदलत नव्हते," मी म्हणाले.

"सातव्या वेळी पहिलाच क्रम परत आला, तेव्हा आलं लक्षात."

"मग भरलात कशाला पुन्हा?"

"तीस मिनिटं होती ना."

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकाच वेळी, काय आधी करावं ते कळेना. "माझी खात्री लवकर होत नाही," मी म्हणाले. "तुमच्याबद्दल असं नाही... कशाचीच. मी दार लावून दोनदा परत येते. टिटवी झोपली की श्वास चालू आहे ना ते बघते. मी अशीच राहणार आहे. आणि तुम्ही दमून गेलात, तर मी सावरेन एक वेळ, पण ती—"

"मी बेल वाजवून परत जाणारा नाही," तो मध्येच म्हणाला, आणि मग हळू आवाजात, "त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ना, ती दाराकडे धावते ते. त्यानंतरचं गाणं मला ऐकूच आलं नाही. म्हणून तर मी घरी यायचं पुन्हा विचारलं नाही. तिला धावायला लावून निघून जाणाऱ्यांतला मला व्हायचं नव्हतं."

स्टेजवर गाणं संपलं. टाळ्या पडल्या. त्याने कॅसेट काढली, उलटी केली, आत सरकवली.

मोठ्या गटाची सहाही गाणी आम्ही पडद्याआड शेजारी उभं राहून ऐकली.

कार्यक्रम संपल्यावर सगळं आवरेपर्यंत टिटवी चपलांच्या ढिगाशेजारी सतरंजीवर झोपून गेली होती, चष्मा कपाळावर. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर पर्स घेऊन मी तिला उचलायला वाकले. तो टेपरेकॉर्डर कपाटात ठेवून, बाईंना किल्ली देऊन आला होता. दोन पावलांवर थांबला. मदत करू का, असं त्याने विचारलं नाही. मी विचारणार नाही तोवर तो पुढे येणार नव्हता, हे मला एव्हाना कळलं होतं.

टिटवीला मी कोणाकडे देत नाही. जागी असताना देईन एक वेळ. झोपेत तिची मान सैल पडते, आणि ती मान कशी धरायची हे फक्त मलाच माहीत आहे असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलं आहे.

"घ्या तिला," मी म्हणाले. "मान सांभाळा."

त्याने पुढे होऊन आधी तिच्या डोक्याखाली हात घातला. सावकाश, फीत उलगडावी तसं उचललं. टिटवीने झोपेतच त्याच्या खांद्यावर गाल घासला, जागा केली आणि तिथेच राहिली. त्याने श्वास रोखून धरला होता.

"सोडा श्वास," मी म्हणाले. "घरापर्यंत वीस मिनिटं लागतात. स्वयंपाक झालेला आहे. थोडा साधाच आहे..."

त्याने फक्त जपून, अगदी जपून, मान हलवली.

फाटकाबाहेर आल्यावर तो थांबला.

"आता कुठल्या बाजूला?" त्याने हळूच विचारलं. "मला तुमचं घर माहीत नाही."

"डावीकडे," मी म्हणाले, आणि पुढे चालायला लागले.